घरात आलेला किडा

अमेरिकेत मुलीकडे जाऊन आल्यावर लोक विचारतात, "काय काय पाहिलंत?" मी नायगाराचे नाव घेतो, कारण त्यांना तेच ऐकायचे असते. खरे सांगायचे तर तिथे गेल्यावर मी पहिल्यांदा नीट पाहिला तो एक किडा, आणि परत आल्यावरही डोक्यातून गेला नाही तोही तोच.

२०२३ सालच्या ऑक्टोबरात मी आणि माझी पत्नी पेनसिल्व्हेनिया राज्यात लेकीकडे सहा महिन्यांसाठी गेलो. दुसऱ्याच दिवशी दुपारी अंगणात उभा होतो. घराच्या दक्षिणेकडच्या भिंतीवर कोवळे ऊन होते आणि त्या उन्हात शंभरेक तपकिरी किडे चिकटून बसले होते. आकार ढालीसारखा, लांबी नखाएवढी, मिशांवर पांढरे पट्टे. जावई म्हणाले, "पप्पा, हात लावू नका, घाण वास येतो." मी जन्मभर शाळा सांभाळून वाडी केलेला माणूस. हात लावू नका म्हटल्यावर लावलाच. बोटांना वास आला तो चुरगळलेल्या कोथिंबिरीचा! जरा उग्र, पण कोथिंबीरच. पत्नीने बोट हुंगले आणि म्हणाली, "भाजीवर घालायला चालेल."

आम्ही हसलो, पण हे निव्वळ हसण्यावारी नेण्यासारखे नव्हते. हा किडा घाबरला की जे रसायन सोडतो त्यातला एक घटक कोथिंबिरीच्या पानातही असतो. पाश्चात्त्य देशांत अनेकांना कोथिंबीर खाववत नाही, कारण त्यांना तिला किड्याचा वास येतो. म्हणजे वास एकच. त्याने आम्हाला जेवण आठवते आणि त्यांना किळस येते. किळस ही वस्तूत किती असते आणि आपल्यात किती असते, हा प्रश्न त्या दिवसापासून माझ्या मागे लागला.

त्या किड्याला तिकडे 'स्टिंक बग' म्हणतात. आपल्याकडे भात दुधात असताना लोंबीवर जो वासाचा ढेकण्या येतो, त्याचा हा दूरचा नातलग. मूळचा तो चीन, कोरिया, जपानकडचा. बहुधा मालाच्या खोक्यांतून समुद्र ओलांडून आला असावा. पेनसिल्व्हेनियातल्याच अ‍ॅलनटाऊन या गावी १९९८ मध्ये तो पहिल्यांदा गोळा केला गेला. पण तो नेमका कोण हे ओळखायला २००१ साल उजाडले.

त्याचे वर्षाचे वेळापत्रक मोठे नेमके आहे. दिवस लहान होऊ लागले की त्याला कळते. सप्टेंबर-ऑक्टोबरात तो खाणे आवरते घेतो, अंगात चरबी साठवतो आणि कोरडी, अंधारी, थंड फट शोधू लागतो. रानात असला तर वाळून उभ्या राहिलेल्या जाड सालीच्या झाडात किंवा खडकाच्या कपारीत शिरतो. घराची भिंत ही त्याच्या लेखी उन्हाने तापलेला एक मोठा खडकच. खिडकीच्या चौकटीतून, फळ्यांच्या सांध्यातून तो पोटमाळ्यावर जातो आणि तिथे निपचित पडून राहतो. घरात तो काही खात नाही, अंडी घालत नाही, चावत नाही, रोग पसरवत नाही. एप्रिल-मे आला की बाहेर जातो. गैरसोय होते ती एवढीच, की मधेच एखाद्या दिवशी ऊन पडले किंवा घराची ऊब भिंतीत शिरली, की त्याला वाटते वसंत आला. मग तो बाहेर जायची वाट शोधत चुकून आपल्या दिवाणखान्यात उतरतो आणि दिव्याभोवती घोंघावत फिरतो. खरे तर ती ऊबच त्याच्या जिवावर उठते. गारठ्यात साठा पुरवून वापरायचा असतो. उबेत तो झपाट्याने संपतो. कितीतरी किडे आपल्या खिडकीच्या कडेला उपाशी वाळून मरतात.

शेजारच्या मेरीलँड राज्यातल्या डग इंकली नावाच्या वन्यजीवशास्त्रज्ञाने २०११ सालच्या पहिल्या सहा महिन्यांत आपल्या घरात सापडलेले हे किडे मोजले. आकडा भरला २६,२०५. एका घरात! मला त्या माणसाचे मोठे कौतुक वाटते. घरात किडा दिसल्यावर आपल्यापैकी बहुतेकांचा हात चपलेकडे जातो. त्याने वही काढली.

आता मुख्य गोष्टीकडे येतो. जानेवारीत बर्फ पडला होता, बाहेर उणे दहा. रात्रीचे जेवण चालले होते आणि एक किडा दिव्यावर आपटून डाळीच्या भांड्याशेजारी पडला. पत्नीने चप्पल उचलली. नात दुसरीत आहे, ती ओरडली, "आजी, मारू नकोस! त्याने काय केलंय? त्याला बाहेर सोडू या." तिने कागदावर त्याला अलगद घेतले. हात मोकळे नव्हते म्हणून दार मी उघडून दिले. तिने त्याला पायरीवरच्या बर्फावर ठेवले, "बाय" म्हटले आणि समाधानाने येऊन जेवू लागली. आम्ही सगळ्यांनी तिचे कौतुक केले.

सकाळी शाळेला निघताना तो तिला तिथेच दिसला, पाय वर करून. ती परत घरात आली आणि मला विचारले, "आजोबा, मी त्याला मारलं का?"

मी म्हणालो, "नाही गं बाळा, झोपला असेल." बस आली. ती गेली.

तीस वर्षे शाळेत मूल्यशिक्षणाचे तास घेतलेला मी. सात वर्षांच्या मुलीने विचारलेल्या सरळ प्रश्नाला खोटे उत्तर दिले. आणि त्याहून लाजेची गोष्ट म्हणजे, उणे दहात त्या किड्याचे काय होणार हे मला दार उघडतानाच ठाऊक होते. तिला नव्हते.

आमच्याकडे वसईला पावसाळ्यात पैसा किडा घरात येतो, गोम येते, अंडी तोंडात धरून मुंग्यांची रांग भिंतीवर चढते. त्यांच्या बिळात पाणी शिरलेले असते. आई झाडूने पैसा सुपलीत घ्यायची आणि परसात केळीखाली टाकायची. तो जगायचा. "बाहेर" हा शब्द आमच्या तोंडी असा निर्मळ होता. बाहेर म्हणजे ओल, पाचोळा, त्याचे घर. केरळात रबराच्या मळ्यांशेजारच्या वस्त्यांत मुप्ली नावाचा बारीक काळा भुंगेरा पावसाच्या तोंडावर लाखोंनी घरांत शिरतो आणि कौलांखाली महिनोन्महिने पडून राहतो. त्यांचा हिवाळा म्हणजे आपला पावसाळा. तिकडचा गारठा मात्र निराळा. तिथे जानेवारीत दार उघडून "जा" म्हणणे आणि चपलेने मारणे यांत फरक एवढाच, की पहिल्यात आपला हात स्वच्छ राहतो. किड्याच्या बाजूने पाहिले तर चप्पल बरी. क्षणात संपते.

मग मी स्वतःशी वाद घालू लागलो. सहा महिने दुसरे कामही नव्हते म्हणा.

पहिला विचार असा: किड्याला काही कळते का? त्याला दुःख होत असेल तरच प्रश्न. याचे उत्तर पूर्वी लोक "नाही" असे ठामपणे देत. आता तसे ठाम देता येत नाही. एप्रिल २०२४ मध्ये न्यूयॉर्क येथे अनेक शास्त्रज्ञ आणि तत्त्वचिंतकांनी मिळून एक निवेदन काढले. कीटकांसह अनेक अपृष्ठवंशी प्राण्यांना जाणीव असण्याची शक्यता वास्तव आहे आणि त्यांच्याशी कसे वागायचे हे ठरवताना ती दुर्लक्षू नये, असा त्याचा आशय आहे. शक्यता आहे, सिद्धता नव्हे. अल्बर्ट श्वाइत्झर यांनी तर शंभर वर्षांपूर्वीच लिहून ठेवले होते, की जीवनाचा आदर करणारा माणूस उन्हाळ्याच्या रात्री दिव्याजवळ काम करताना खिडकी बंद ठेवून उकाडा सोसेल, पण पंख होरपळलेले कीटक टेबलावर पडू देणार नाही. श्वाइत्झर आफ्रिकेत डॉक्टर होते. औषध देऊन त्यांनी असंख्य जंतू मारलेच असतील. ते त्यांनाही ठाऊक होते. गरज असेल तेव्हा मारावे लागते, पण ते विचार न करता, सवयीने होऊ नये, एवढाच त्यांचा आग्रह.

इथपर्यंत मी किड्याच्या बाजूने झुकलो होतो. पण ऑक्टोबरात पाहिलेली एक गोष्ट मधे आडवी आली. लेकीच्या घरापासून अर्ध्या तासावर सफरचंदाची बाग आहे. तिथे आम्ही फळे तोडायला गेलो होतो. मालक म्हातारा, माझ्याच वयाचा. मीही वाडीवाला आहे हे कळल्यावर त्याने बाजूला टाकलेल्या फळांची टोपली दाखवली. वरून बारीक खळगे. चाकूने कापले की सालीखाली बुचासारखा तपकिरी कोरडा गर. हाच किडा उन्हाळ्यात फळाला सोंड लावून रस शोषतो. सफरचंद, पीच, मका, सोयाबीन, मिरची, शंभराहून अधिक वनस्पती त्याला चालतात. २०१० मध्ये त्या भागातल्या सफरचंद बागायतदारांचे नुकसान ३ कोटी ७० लाख डॉलर इतके धरले गेले. माझ्या केळीवर रोग पडला तेव्हाची आठवण मला आहे. त्या म्हाताऱ्याचा चेहरा मला अनुवादाशिवाय कळला.

म्हणजे आमच्या दिवाणखान्यात जो निरुपद्रवी पाहुणा होता, तो अर्ध्या तासावर चोर होता. त्याला हिवाळाभर सांभाळण्याचा माझा दयाळूपणा दुसऱ्याच्या बागेच्या जिवावर असेल, तर ती दया कसली? खर्च दुसऱ्याच्या खिशातून करून आपण उदार होणे फार सोपे असते.

पण इथेही थांबता येईना. प्रामाणिकपणे विचार केला. पत्नीने चप्पल उचलली ती सफरचंदवाल्यासाठी उचलली का? त्या म्हाताऱ्याचे तिच्या मनातही नव्हते. आणि आमच्या घरातले वीस-पंचवीस किडे मेल्याने त्याची बाग वाचणार होती असेही नाही. रानातल्या झाडांत त्यांचे हजारो भाऊबंद निजलेले होतेच. बागेवर उपाय बागेतच व्हावा लागतो. याच किड्याच्या अंड्यांत आपली अंडी घालणारी, एक-दोन मिलिमीटरची एक गांधीलमाशीच्या कुळातली माशी आशियातून तिकडे आपणहून पोहोचली आहे. तिला 'सामुराई' म्हणतात आणि २०१४ मध्ये ती मेरीलँडमध्ये मोकळ्या रानात सापडली. चपलेपेक्षा तिच्यावर शास्त्रज्ञांची भिस्त जास्त. तेव्हा शेतकऱ्याचे कारण आम्ही मागाहून चिकटवले असते. आधी होती ती किळस. कारण नंतर शोधले जाते, आणि बहुतेक वेळा सापडते.

कॅथलिक चर्चच्या १९९२ सालच्या धर्मशिक्षणग्रंथात प्राण्यांना विनाकारण यातना देणे किंवा मारणे हे मानवी प्रतिष्ठेच्या विरुद्ध आहे असे म्हटले आहे. मी हे वाक्य पूर्वी अनेकदा वाचले होते. आता वाचताना दोन गोष्टी जाणवल्या. एक, सारा भार "विनाकारण" या शब्दावर आहे आणि कारण ठरवणारे आपणच. दुसरी, तिथे प्रतिष्ठा म्हटली आहे ती मारणाऱ्या माणसाची. किड्याचे काय होते हा एक प्रश्न. मारता मारता आपले काय होते हा दुसरा.

हा दुसरा प्रश्न मला कुठे घेऊन गेला ते सांगतो. सांगायला थोडे जड जाते.

तिकडे थंडीत घरात शिरणारा आणखी एक कीटक आहे, लाल-नारिंगी ठिपकेवाला भुंगेरा, आपल्या लेडीबर्डचाच आशियाई भाऊ. तो मावा खातो म्हणून तिकडच्या लोकांनी १९१६ पासून तो मुद्दाम आणून सोडला. बरीच वर्षे तो टिकेना. १९८८ मध्ये लुइझियाना राज्यात तो रुजलेला आढळला आणि मग देशभर पसरला. आता तो शेकड्यांनी भिंतींत शिरतो, दाबला तर पिवळा डाग पाडतो, आणि लोक त्याच्या नावाने बोटे मोडतात. स्वतः बोलावलेला, शेतात राबणारा; पण शेतातच राहावा, घरात दिसू नये. त्याच्याबद्दल बोलताना शेजारची एक बाई "हे आशियाई" असे काही म्हणाली, आणि मग माझ्याकडे पाहून लाजली. तिच्या मनात वाईट नव्हते. मी हसून वेळ मारून नेली. पण घरी येताना मला वसईतली एक सभा आठवली.

१९९० नंतरच्या वर्षांत आमच्या भागात इमारती उठू लागल्या, विहिरींचे पाणी टँकरने जाऊ लागले, ओळखीची वाट अनोळखी झाली. तक्रारी खऱ्या होत्या; पाणी आणि जमीन यांसाठी हरित वसईची चळवळ उभी राहिली ती उगीच नव्हे. गावच्या एका सभेत मीही बोललो. पाण्याबद्दल बोललो ते बरोबर बोललो. पण टाळ्या पडू लागल्या तसा मला चेव आला आणि नव्या वस्तीतल्या माणसांना मी "टोळधाड" म्हणालो. "फटीफटीतून शिरतात," असेही म्हणालो. हशा पिकला. चहाचे कप फिरवणारा मुलगा त्याच वस्तीतला होता. तो माझ्या वर्गात होता. त्याने माझ्यापुढे कप ठेवला आणि पुढे गेला. त्या वर्षी त्याने वर्गात एकदाही हात वर केला नाही, की पूर्वीही करत नसे, हे मला आज आठवत नाही. म्हणजे मी तेव्हा लक्षच दिले नव्हते.

माणसे किडे नाहीत. हे इतके उघड आहे की ते म्हणायची वेळ येऊ नये. किड्यासाठी फटी बुजवणे गैर नाही. भिंत झाडून घेणे गैर नाही. पण ज्या शब्दांनी आपण किड्याचा विचार करतो ते शब्द माणसाला लावले, की किड्याशी जे वागणे चालते तेही हळूहळू चालू लागते. रवांडात १९९४ साली कत्तली होण्याआधीपासून रेडिओवरून तुत्सी लोकांना "झुरळे" म्हटले जात होते. तो बहुसंख्य ख्रिस्ती लोकांचा देश होता, आणि लोक आसऱ्याला चर्चमध्ये गेले तेव्हा तिथेही मारले गेले. आमच्या सभेत तसे काही घडले नाही, देवाची कृपा. हशाच पिकला.

मार्चच्या शेवटी आमची परतीची तयारी सुरू झाली. किडे अजून निघाले नव्हते. आम्ही त्यांच्याआधी निघणार होतो. एका दुपारी नात माझ्या शेजारी बसून गृहपाठ करत होती. खिडकीच्या काचेवर एक किडा चढत होता. मी तिला म्हणालो, "तू मला जानेवारीत एक विचारलं होतंस. तो किडा झोपला नव्हता. थंडीनं मेला."

ती म्हणाली, "मला माहीत आहे. दोन दिवसांनी पण तो तिथंच होता."

"तुला आधी माहीत नव्हतं. मला होतं. आणि दार मी उघडलं."

तिने पेन्सिल थांबवली. "मग तुम्ही सांगितलं का नाही?"

"तुला वाईट वाटेल म्हणून," मी म्हणालो. आणि लगेच जाणवले की हेही पुरते खरे नाही. सगळे जण कौतुक करत होते; ते मला मोडायचे नव्हते. तेही मी तिला सांगितले. तिने थोडा विचार केला आणि विचारले, "मग आजी चपलेनं मारते ते बरोबर?"

मी म्हणालो, "मला नक्की सांगता येत नाही. पण आजी मारते तेव्हा मारते असं म्हणते."

ती उठली. तिने एक रिकामी काचेची बाटली आणली, झाकणाला भोके पाडली, किड्याला आत घातले आणि गॅरेजमधल्या थंड फळीवर नेऊन ठेवली. जावयांनी विचारले, मेमध्ये याचे काय करणार? सफरचंदवाल्याकडे सोडणार की काय? ती म्हणाली, अजून ठरवले नाही.

त्यानंतरच्या सप्टेंबरात लेकीचा फोन आला. दिवस लहान होऊ लागले होते, भिंतीवर ते पुन्हा बसू लागले होते. जावयांनी दोन रविवार शिडीवर चढून खिडक्यांचे सांधे सिलिकॉनने बुजवले, पोटमाळ्याच्या झरोक्याला बारीक जाळी लावली. थंडी पडायच्या आधीच बाहेर ठेवले तर त्यांना दुसरी जागा शोधायला वेळ मिळतो, असे त्यांनी कुठेतरी वाचले होते. "तरी थोडे शिरलेच आहेत पप्पा," लेक म्हणाली. "ती वहीत मोजतेय. काल अकरा झाले."